बोच्चेच्या पंचाची जीभ

टोरोंटोत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना मला इटालियन शिकायची खाज सुटली. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर येणाऱ्यांत म्हातारी इटालियन मंडळी बरीच. उभं आयुष्य कॅनडात गेलं तरी त्यांचं प्रेम, पत्ते आणि भांडण इटालियनमध्येच. मग त्यांचं बोलणं इंग्रजीत तपासून काय उपयोग? मी संध्याकाळचा क्लास लावला आणि थोड्याच दिवसांत इतका फुशारलो, की घरी बायकोला ‘पोहे वाढ’ हेसुद्धा इटालियनमध्ये सांगू लागलो. ती मराठीत ‘स्वतः घे’ म्हणायची.

अशा फुगलेल्या अवस्थेत माझ्यापुढे एक आजोबा आले. जन्मभर फरश्या बसवून जाडजूड झालेले हात. जिभेचा एक भाग काढून तिथे मनगटाजवळची कातडी शिवलेली, वर रेडिएशन. तोंड सतत कोरडं, म्हणून पाण्याची बाटली कायम जवळ. त्यांना एकच गोष्ट हवी होती: स्कारबरोतल्या क्लबात परत पंच व्हायचं होतं.

खेळ बोच्चेचा. एका छोट्या चेंडूच्या जितकं जवळ जमेल तितकं आपला जड चेंडू टाकायचा. कोणाचा जवळ पडला ते ओरडून सांगणारा तो पंच, आणि त्याचं न ऐकणं हाच खरा खेळ. उपचार चालू असताना ही गादी त्यांच्या मेहुण्याकडे गेली होती.

“रविवारी बाहेरच्या क्लबाशी सामना आहे,” आजोबा घोट घेत घेत म्हणाले. “तिथे माझं बोलणं कळलं नाही, तर गादी कायमची त्या गाढवाची.”

मी तत्परतेनं चाचणी घेतली. बंद, शांत खोली. इटालियन शब्दांची यादी. त्यांनी वाचायचं, मी ऐकून खुणा करायच्या. आणि काय सांगू, शब्दामागून शब्द मला लख्ख कळत गेला! मी खुर्चीतून उडालोच.

“आजोबा, जवळजवळ पैकीच्या पैकी!”

आजोबा हसले नाहीत. “मग माझी नात फोनवर सारखं ‘काय? काय?’ का करते?”

नातीचे कान तपासायला हवेत, असं मनाशी ठरवून मी निकाल नाचवत आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेलो.

“ऐकणारा कोण होता?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“आणि यादी कुठे होती?”

“माझ्या हातात.”

त्यांनी शांतपणे कॉफी खाली ठेवली. “म्हणजे त्यांना बोलता येतं की नाही ते माहीत नाही. पण तुला वाचता येतं, हे सिद्ध झालं.”

ही आमच्या धंद्यातली शिकाऊ माणसाची चूक. समोर ‘चमचा’ लिहिलेलं दिसत असेल, तर पेशंट काहीही पुटपुटो, कानाला चमचाच ऐकू येतो. ऐकणारा हवा परका. भाषा येणारा, पण आता कोणता शब्द येणार याचा पत्ता नसलेला.

आजोबांना खरं काय ते सांगितलं. ते खो खो हसत सुटले. “मग रविवारी तूही ये. परके तिथे आयतेच येणार आहेत. तेही चिडके!”

तोवर आम्ही सराव केला. आधी घोट, मग श्वास, मग तोंड मोठं उघडून एकेक शब्द सुटा.

रविवारी क्लबाच्या बेसमेंटमध्ये मी मुद्दाम लांबच्या टोकाला, पाहुण्या संघाच्या म्हाताऱ्यांमध्ये बसलो. पहिले चेंडू पडले. आजोबा वाकले, निरखून बघितलं आणि ओरडले.

“काय म्हणाला?” माझ्या डावीकडचा.

“देव जाणे,” उजवीकडचा.

मेहुणा घसा खाकरत पुढे सरकला. आजोबांनी त्याला हातानंच थोपवलं. घोट. श्वास.

“लाल. जवळ. हिरवा. लांब.”

माझ्या दोन्ही बाजूंचे पाहुणे ताडकन उठले. “हिरवा लांब? डोळे बदलून आण, म्हाताऱ्या!”

“डोळे ठीक आहेत. तू नेम बदल!”

“तुझ्यापेक्षा माझी सासू बरी बघते!”

“मग तिलाच खेळायला पाठव!”

भांडण! काय सुंदर भांडण! सगळा हॉल त्यात उतरला, आणि त्या गदारोळात एकानंही ‘काय म्हणालास?’ असं विचारलं नाही. टाळ्या वाजवू की नाचू, हे मला कळेना. मी दोन्ही करत पुढे धावलो. माझ्या बुटाचा धक्का लागला आणि वादातला हिरवा चेंडू घरंगळत थेट छोट्या चेंडूला जाऊन चिकटला.

सगळ्यांच्या नजरा चेंडूवरून माझ्या बुटांवर आल्या.

मग दोन्ही संघ एक होऊन माझ्यावर तुटून पडले. सर्वांत खणखणीत आवाज आजोबांचा होता. माझी अक्कल, माझे बूट आणि माझी डिग्री, तिन्हींचा त्यांनी सुट्या सुट्या शब्दांत उद्धार केला. मी मान खाली घालून उभा, आणि हसू काही चेहऱ्यावर मावेना.

हिरवा चेंडू परत नेमका कुठे ठेवायचा, यावर नवं भांडण पेटलं. मेहुणा थोडा वेळ पाहुण्यांशी झटला, मग त्यानं खिशातला पंचाचा मोजायचा टेप काढून आजोबांच्या हातात कोंबला.

“घे बाबा, तूच बोल या लोकांशी. माझा घसा बसला.”