टायरच्या दुकानावर सोन्याचा अंदाज

घाबरण्याचं एक बरं असतं. घाबरतो तेव्हा घशाला कोरड पडते, हातपाय गार होतात, पण वर्षभराने तीच गोष्ट चहा पिताना काढली की लोक खुर्च्या पुढे ओढून बसतात. आमच्या ऑफिसात असे इतके प्रसंग साठलेत की नवीन माणूस रुजू झाला की पहिले दोन दिवस काम शिकवायचं सोडून आम्ही त्याला हेच सांगत बसतो. तिसऱ्या दिवशी तो येतो का, हा वेगळा प्रश्न!

आधी ऑफिसबद्दल. रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाताना एक टायरचं दुकान लागतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा जण बसतो आणि सोन्या-तांब्याच्या खाणीचं काम बघतो. खाण दूर, समुद्रापलीकडच्या एका बेटावर, डोंगरात. कंपनीचं मुख्य ऑफिस ऑस्ट्रेलियात. रोज किती दगड निघाला, त्यात सोनं किती, तांबं किती, हे सगळं आमच्याकडे येतं. आम्ही ते तपासतो. त्यावरून वर्षातून एकदा एक जाडजूड कागद तयार होतो. पुढच्या वर्षी किती माल निघेल, काढायला खर्च किती, कमाई काय होईल. त्याला म्हणतात 'आउटलुक'. मेलवालं नव्हे, हे वेगळं! ते जाहीर झालं की तिकडे कंपनीचा शेअर उडतो नाहीतर आपटतो. आणि जाहीर व्हायच्या आधी त्यातला एक आकडा जरी बाहेर गेला तर नोकरी गेली, वर खटला. हे दर वर्षी आमच्याकडून सही घेऊन सांगतात.

म्हणजे बघा, आम्ही पगार घेतो तो निम्मा कामाचा आणि निम्मा घाबरण्याचा!

*

मी नवीन होते. ट्रेनिंगला ऑस्ट्रेलियातली हेलन नावाची एक बाई स्क्रीनवर आली, गोड हसली आणि म्हणाली, "घरच्यांनाही सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही." मी इतकी टरकले की नक्की काय सांगायचं नाही, हे विचारायचंच राहून गेलं. मग मी सगळंच सांगायचं बंद केलं!

आई विचारायची, "काय काम असतं गो वृषाली तुझं?"

"सांगता येत नाही."

"बसतेस कुठे?"

"टायरच्या दुकानावर."

"साहेब कोण आहे?"

"आई, नको ना विचारू!"

चार दिवसांनी टायरवाला वर आला. म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील खाली आहेत. दहा वाजल्यापासून टायर बघतायत." आमच्या घरी साधी सायकल नाही!

आमचे टीम लीडर जाधव सर स्वतः खाली गेले, बाबांना वर घेऊन आले, चहा दिला, लांबूनच ऑफिस दाखवलं. बाबा घरी गेले. आई दारातच उभी. बाबा म्हणाले, "कामाचं काही कळलं नाही. पण सगळेच घाबरलेले दिसतायत, म्हणजे कायदेशीर असावं!"

*

त्याच वर्षी संगमेश्वरच्या आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्या मला घेऊन सोनाराकडे गेली. बांगड्या समोर ठेवलेल्या. सोनार भाव सांगतोय. आत्याने एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "तू सोन्याच्या कंपनीत ना? सांग बघू, आता घेऊ की थांबू?"

 आउटलुक जाहीर व्हायला आठवडा होता आणि माझ्या डोक्यात आकडेच आकडे. खरं तर त्या आकड्यांचा आणि संगमेश्वरच्या बांगड्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण तेव्हा ते सुचतंय कुणाला! मला ठसका लागला. चांगला दोन मिनिटं लागला.

आत्या सोनाराला म्हणाली, "खोकली! बांधा बांगड्या!"

मला तीन दिवस झोप नाही. शेवटी मीच हेलन मॅडमना मेल केला. माझ्या हातून गुपित फुटलं आहे, खोकल्यामधून, जी काही शिक्षा असेल ती मान्य आहे. त्यांचा फोन आला.

"तुमच्या आत्याने आमचे शेअर घेतले का?"

"नाही मॅडम. बांगड्या."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "छान आहेत का?"

*

आमच्यात सगळ्यात हुशार सलमा मुकादम आणि सगळ्यात भित्रीही तीच. कॉलवर ती कधी तोंड उघडायची नाही. पलीकडे मोठमोठे साहेब, त्यांचं ते भराभर इंग्रजी. सलमा माइक बंद आहे ना, हे तीनदा बघून मग श्वास घ्यायची!

एकदा आउटलुकचा शेवटचा कॉल चालू होता. साहेब एकेक पान वाचून 'मंजूर' म्हणत होते. तांब्याचं पान आलं आणि सलमा पांढरी पडली. तिने माझा हात धरला.  कागदावर बोट ठेवून कुजबुजली, "हा आकडा एका महिन्याचा आहे. यांनी वर्षाच्या रकान्यात टाकलाय."

"सांग ना मग!"

"तूच सांग."

जाधव सर त्या दिवशी नेमके दाताच्या डॉक्टरकडे. पलीकडे साहेब म्हणतायत, "कुणाचं काही? नाही? मग पुढे जाऊ." पान जवळजवळ गेलंच. सलमाने डोळे मिटले, माइक चालू केला आणि एका दमात ओरडली, "थांबा! ते महिन्याचं आहे!"

 पानं उलटल्याचे आवाज. मग मोठे साहेब सावकाश म्हणाले, "बरोबर आहे. कोण बोलतंय?"

भीतीने सलमा स्वतःचं नाव विसरली! म्हणाली, "रत्नागिरी."

दुसऱ्या दिवशी कंपनीभर मेल फिरला. मोठी चूक वेळेवर पकडल्याबद्दल 'मिस रत्नागिरी' यांचे आभार! टायरवाल्याला कुठून तरी अर्धवट कळलं आणि तो हार घेऊन वर आला. सलमा दोन तास बाथरूममधून बाहेर आली नाही.

*

टायरवाल्याचाच आणखी एक.

खाणीवरचे मॅनेजर म्हणजे सहा फुटी गडी, आवाज असा की स्पीकर फाटावा. पण या लोकांना एका गोष्टीची भारी धास्ती. खाण म्हणजे प्रचंड उघडा खड्डा, आणि त्याच्या भिंती कधी घसरतील याचा नेम नाही. त्यामुळे धडाम आवाज झाला की आधी पळायचं, कारण नंतर शोधायचं.

कॉल चालू होता. मॅनेजर सांगत होते, पुढच्या वर्षी भिंतींचा काही धोका नाही, सगळं नियंत्रणात आहे. आणि त्याच क्षणी खाली ट्रकचा टायर फुटला! आमच्या खिडक्या हादरल्या.

स्क्रीनवर मॅनेजर दिसेनासे झाले. नुसती खुर्ची फिरताना दिसत होती. मग लांबून त्यांचा आवाज आला, "बाहेर! सगळे बाहेर!" तिकडे भोंगा वाजला. हजारो मैलांवर माणसं ऑफिस सोडून मैदानात जाऊन उभी राहिली, डोकी मोजली गेली.

जाधव सर माइकमध्ये घसा फोडून सांगत होते, "सर, टायर! टायर! आमचा टायर!"

त्या दिवशीच्या अधिकृत नोंदीत लिहिलेलं आहे: 'घटना – टायर. ठिकाण – रत्नागिरी. जखमी – कोणी नाही.'

आम्ही खूप हसलो. मॅनेजर हसले नाहीत. परत येऊन बसले तेव्हा हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. मग आमचंही हसू हळूहळू विरलं.

*

जाधव सरांबद्दल सांगायला हवं. सरांचे वडील प्राथमिक शिक्षक. सर मुंबईत पंधरा वर्षं नोकरी करून परत आले, कारण त्यांना आपल्याकडच्या पोरांना इथेच काम मिळवून द्यायचं होतं. आम्हा बाकीच्या दहाही जणांना त्यांनी एकेक करून निवडलंय.

मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियातून आउटलुकमध्ये घालायला एक ओळ आली. फक्त सरांकडे. खर्च कमी करण्यासाठी बाहेरची छोटी ऑफिसं चालू ठेवायची की बंद करायची, याचा विचार होणार. म्हणजे आम्हीच! आणि ती ओळ सरांनीच टाइप करायची, तपासायची आणि जाहीर होईपर्यंत कुणाला सांगायची नाही.

सरांनी आठ दिवस सांगितलं नाही. रोज आमच्यात बसायचे. सलमा नव्या फ्रिजचे हप्ते सुरू करू का विचारायची, सर म्हणायचे, "जरा थांब." डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एक दिवस सरांच्या घरून वहिनींचा मला फोन आला. "ह्यांना काही झालंय का गं? डॉक्टरने लपवायला सांगितलंय का?" मी सरांना सरळ विचारलं. सर म्हणाले, "तब्येत उत्तम आहे." आणि ओक्साबोक्शी रडले.

मग ते जाहीर झालं. आम्ही सगळ्यांनी ती ओळ एकदमच वाचली.  सर दारात उभे होते, हात बांधून, वर्गात नापास झालेल्या मुलासारखे. सलमा म्हणाली, "सर, आठ दिवस तुम्ही एकट्याने?"

सर म्हणाले, "स्पेलिंग तरी बरोबर आहे ना?"

पुढे दुसरीकडचं एक ऑफिस बंद झालं. आमचं राहिलं. त्या दुसऱ्या ऑफिसात बारा जण होते. आमच्यापैकी कुणीच पेढे वाटले नाहीत.

*

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते.

खाणीवर एक आपला माणूस आहे. रुपेश चोगले, हर्णैचा, सर्व्हेयर, म्हणजे खाणीतली मोजणी करणारा. रोज सकाळी सात वाजता खाणीवरून आदल्या दिवसाचं शीट येतं, किती माल निघाला त्याचं. ते भरायचं काम रुपेशचं, खाली त्याचं नाव असतं. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, घरी फोन आठवड्यातून एखादाच. त्याची आई हर्णैला सुकी मासळी विकते. तिने कुठून तरी आमच्या ऑफिसचा नंबर मिळवला. रोज साडेसातला फोन वाजायचा.

"आला काय गो आकडा?"

"आला, काकू."

"बरं." आणि फोन ठेवायची. किती आला, हे तिने तीन वर्षांत कधी विचारलं नाही. आकडा आला म्हणजे रुपेश वर आला, इतकंच तिला हवं असायचं.

यंदा आउटलुक जाहीर व्हायला चार दिवस होते. सात वाजले, शीट नाही. सव्वासात, नाही. मग ऑस्ट्रेलियातून मेल आला. 'पूर्वेकडची भिंत कोसळली. खाणीशी संपर्क तुटला आहे. कुणाशीही बोलू नका.'

साडेसातला फोन वाजला. सगळे त्या फोनकडे बघत राहिले. शेवटी मी उचलला.

"आला काय गो आकडा?"

"अजून नाही, काकू."

 मग मलाच धीर दिल्यासारखी म्हणाली, "नेट गेला असेल त्यांचा. मी फोन धरून बसतंय."

"काकू, तुम्ही ठेवा. आला की मी करते."

"नको बाय. धरून बसतंय."

आणि ती खरोखरच धरून बसली! रिसीव्हर टेबलावर ठेवलेला. त्यातून कावळे ऐकू यायचे, बोटीचं इंजिन ऐकू यायचं. मधे कुणी तरी भाव विचारायला आलं, तर ती म्हणाली, "आज नाही. फोन चालू हाय." तिला आमचं काही ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही अकरा माणसं दीड तास एक शब्द बोललो नाही. सलमा ओठ हलवत दुआ करत होती. जाधव सर उभे होते ते उभेच.

नऊ वाजता स्क्रीनवर शीट आलं. पूर्वेच्या भिंतीखाली पुढच्या वर्षभराचं तांबं होतं. सगळ्या रकान्यांत शून्य. खाली नाव, रुपेश चोगले. आणि शेऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: 'सगळे वर आहेत.'

सलमाने तोंडावर हात ठेवला. "वर आहेत म्हणजे... वर?"

"अगं, खड्ड्यातून वर!" सर कुजबुजत ओरडले. "बाहेर! शीट त्यानेच भरलंय ना, नाव बघ!"

पाठोपाठ मेल आला. आदल्या दिवशी काम सुरू होण्याआधीच भिंतीला तडे दिसले, म्हणून सगळी पाळी बाहेर काढली होती, एकही माणूस आत नव्हता. आणि खाली ठळक अक्षरांत: आउटलुक नव्याने लिहावं लागेल, तोपर्यंत हे शून्य खोलीबाहेर जाता कामा नये. वर्षातला सगळ्यात जपायचा आकडा तो!

मी रिसीव्हर उचलला. "काकू, आला."

तिकडून श्वासाचा आवाज आला. मग तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारलं, "किती आला?"

 सर माझ्या मागेच उभे होते.

"शून्य, काकू. शून्य आला. रुपेशने स्वतःच्या हाताने भरलाय."

"शून्य म्हणजे बरा की वाईट गो?"

"बरा, काकू. फार बरा."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मागे वळले. सर खिडकीबाहेर बघत होते.

"मला काहीच ऐकू आलेलं नाही," ते म्हणाले. मग चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. "त्यांनाही नीट ऐकू आलं नसेल. परत एकदा सांग."