वरची बाजू कुठली?

मावशी कॅनव्हास जमिनीवर पसरते आणि चहूबाजूंनी फिरत रंगवते. यंदा तिनं जंगल वाचवायला गोल करून बसलेल्या आमच्या आदिवासी बायका काढल्या. प्रदर्शनवाले साहेब पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, "मावशी, वरची बाजू कुठली?"

"अहो, नाहीच!"

"मग भिंतीवर निम्म्या बायका उलट्या लटकतील. तेवढ्या पुसा ना."

"बैठकीला सगळ्या होत्या. कुणाला उठवू, तुम्हीच सांगा!"

"मग चित्र लागणार नाही."

मावशीनं कपाळावर हात मारला आणि दालनाच्या मधोमध कॅनव्हास अंथरला.

"अहो, लोक तुडवतील!"

"आमची जमीन तुडवू नका, म्हणून ओरडून आमचा घसा बसला, साहेब. आता तुम्ही ओरडा."

संध्याकाळपर्यंत साहेबांचाही बसला.