आठव्या गाण्याला कोण थांबलं?

मला एक सांगा. तुमच्या घरच्या पोरानं गाणं केलं आणि ते कसं झालंय हे तुम्हाला खरंखरं कळायला हवंय. तर विश्वास कुणावर ठेवाल? नातेवाइकांवर? ते जेवण झालं की सगळंच छान म्हणतात. मित्रांवर? ते न ऐकताच मोबाईलवर अंगठा पाठवतात. गिऱ्हाइकावर? तो भाव पाडायला आधीच तोंड वाकडं करणार!

माझं पोलादपुरात दुकान आहे. पेंड, दोरी, ताडपत्री, पत्रे. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी खताच्या गोण्यांवरचं वाचून शिकलो, त्यामुळे ते जरा नायट्रोजनवालं आहे. दुकानामागे गोडाऊन आणि त्या गोडाऊनमध्ये एक रॉक बँड. माल विकला की संपतो, किश्शांचं तसं नाही. एक सांगितला की मागून दोन येतात. आता इतके साठलेत की गोणी ठेवायला जागा उरली नाही. म्हटलं, थोडे तुमच्याकडे उतरवून टाकू.

बँडमध्ये चौघं. संदेश गातो आणि गाणी लिहितो. तो बौद्धवाडीतला, एका शाळेत क्लार्क. शलाका बास गिटार वाजवते आणि दिवसा मेडिकलच्या काउंटरवर लोकांना गोळ्या जेवणाआधी की नंतर ते सांगते. पिंट्या गिटारवर, त्याचं महाडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आणि ड्रमवर विन्या, वर डोंगरातल्या कुडपण गावचा. त्याच्या अण्णांनी दुभती म्हैस विकून त्याला ड्रम घेऊन दिले. ड्रम टेंपोतून उतरले तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "म्हस दूध द्यायची. ह्ये काय देतंय ते बगू!"

*

बँडचं नाव 'घाट बंद'.

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या वाटेवर, आंबेनळी घाटात दरड आली की नाक्यावर हीच पाटी लागते. संदेश म्हणाला, "काका, हे नाव पोलादपुरात लहान पोरालाही पाठ आहे. वेगळी जाहिरात नको."

जाहिरात मात्र केली. श्रावणातल्या एका रविवारी हॉलमध्ये पहिला शो ठेवला आणि नाक्यावर, घाटाच्या रस्त्याला, मोठ्ठी पोस्टर लावली : 'घाट बंद! रविवार, संध्याकाळी पाच.'

रविवारी सकाळी महाबळेश्वरला निघालेली पहिली गाडी पोस्टरसमोर थांबली. काच खाली झाली, वर झाली, गाडी मागे वळली. तिचं बघून दुसरी वळली. दुपारपर्यंत रांग माझ्या दुकानापर्यंत आली आणि वडापाववाल्यानं दोनदा बटाटे मागवले.

हवालदार आले. "घाट कुणी बंद केला?"

शलाका सरळ मुलगी. म्हणाली, "साहेब, आम्हीच घाट बंद."

"कुणाच्या परवानगीनं?"

विन्या पुढे झाला. "बंद नाय साहेब, बँड! बंद म्हंजे बँड!"

"अरे, मग घाट चालू आहे की बंद?"

"घाट चालूच हाय साहेब. घाट बंद पाचला चालू व्हनार!"

हवालदारांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग स्वतः उभं राहून प्रत्येक पोस्टरखाली मार्करनं लिहून घेतलं : 'टीप - घाट चालू आहे.' तोवर गाड्या अशा अडकल्या होत्या की कुणाला पुढेही जाता येईना, मागेही येईना. बाहेर पाऊस. लोक पोराबाळांसकट हॉलमध्ये येऊन बसले. पोलादपुरात एवढं पब्लिक मी निवडणुकीलाही पाहिलेलं नाही!

सात गाणी दणक्यात झाली. आठवं सुरू झालं आणि हवालदार बिचारे चांगल्या मनानं दारात येऊन ओरडले, "रस्ता मोकळा झाला! घाट चालू आहे!"

संदेश डोळे मिटून गात होता. गाणं संपवून त्यानं डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या. आणि मी. खुर्च्या माझ्या होत्या ना!

*

आता हे आठवं गाणं काय आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याचंच.

अल्बममध्ये गाणी आठ. पहिली सात म्हणजे पत्र्यावर दगड पडावेत तशी. आठवं एकदम संथ. दोन ओळींच्या मध्ये चहा पिऊन होतो. संदेशचे वडील रस्त्याच्या कामावर होते, दरडी उपसायला जायचे. घाट बंद झाला की ते पलीकडे अडकायचे आणि हा अलीकडे दारात बसून वाट बघायचा. सगळं गाणं एवढंच. वडील आता नाहीत. गाण्यात ते शेवटच्या कडव्यात येतात. त्यामुळे मधेच उठलेल्या माणसाला ते भेटतच नाहीत.

त्या रिकाम्या हॉलमध्ये संदेशनं जाहीर केलं, "आपल्यातला नव्हे, बाहेरचा कुणीतरी, आपल्या मर्जीनं हे गाणं शेवटपर्यंत ऐकेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी अल्बम बाहेर काढू. तोपर्यंत नाही."

पिंट्या म्हणाला, "अरे, मग ते एक गाणं काढून टाकू या ना!"

संदेश त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही. गाताना सोडून.

मी म्हटलं, "अरे, मी ऐकलं की त्या दिवशी!"

"काका, तुम्ही व्यापारी माणूस. तुम्ही सगळ्यांचंच शेवटपर्यंत ऐकून घेता. तुम्हाला धरायचं नाही."

*

रेकॉर्डिंग गोडाऊनमध्येच झालं. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी पेंडीच्या गोण्यांची भिंत रचली. कल्पना उत्तम. अडचण एकच : ती भिंत विकायला होती.

दोन गोण्या गेल्या की ड्रमचा आवाज बदलायचा. नवा माल आला की गिटार दबायची. तिसरं गाणं ऐकलं की मला अजून कळतं, त्या आठवड्यात सरकी पेंड शिल्लक नव्हती.

एकदा गिऱ्हाईक आलं, गोणीला हात लावला, तशी शलाका किंचाळली, "काका, ती नका देऊ! ती कोपऱ्यातली फार छान बास पकडते!"

झालं! गिऱ्हाईक हटूनच बसलं. "शेठ, मला तीच पायजे. तिच्यात काय तरी हाय, तुमी लपवताव!"

*

पिंट्यानं मुंबईहून एक साउंडवाला आणला. केसांचा अंबाडा, हातात कडं, बोलणं हळू. हेडफोन लावून बसला. चौथ्या गाण्यात एक जागा आहे, सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि शांतता पसरते. तिथे तो ताडकन उठला.

"ही लाईन कुणाची?"

"कुठली लाईन?"

त्यानं स्पीकरवर लावली. वाद्यं थांबली, शांतता झाली, आणि लांबून एक म्हातारा घोगरा आवाज आला : "शेठ... दोरी हाय काय?"

आमचा सोनू आजा! रेकॉर्डिंग चालू असताना दुकानात आला होता. म्हशीला दावं हवं होतं त्याला.

साउंडवाला म्हणाला, "काय डार्क लिहिलंय यार! अंगावर काटा आला. ह्याला हात लावायचा नाही."

लाईन ठेवली. सोनू आजाला ऐकवली, तर तो भडकला. "आनि पुढचं का कापलंस रे? मी म्हनलो व्हतो, जाडी दे, मागची तुटली! ती पन घाल!"

साउंडवाल्याकडून सगळ्यांना फार आशा होती. बाहेरचा माणूस, जाणकार, कानाला हेडफोन. आठवं लागलं. तो डोळे मिटून डोलायला लागला. शलाकानं विन्याचा हात घट्ट धरला. अर्धं झालं, अर्ध्याच्या पुढे गेलं. मग त्यानं एक कान मोकळा केला आणि हळूच विचारलं, "बाथरूम किधर है?"

*

मग उन्हाळ्यात लग्नाची ऑर्डर आली, महाडला. फोनवर विचारलं, "तुमचा बँड आहे ना?" पिंट्या म्हणाला, "हो." एवढंच बोलणं झालं.

आम्ही पोचलो तर नवरदेव घोड्यावर, वरात तयार, आणि मुलाचा मामा ओरडतोय, "बँडवाले, पुढे चला! टोप्या कुठे आहेत तुमच्या?"

बँड म्हणजे बिगुल-ताशेवाला बँड समजले होते! आता नाही म्हणायचं कसं? ड्रम माझ्या टेंपोत चढवले, जनरेटर मागे बांधला, आणि महाडच्या रस्त्यावरून रॉक वरात निघाली. संदेश टेंपोच्या फाळक्यावर उभा राहून गात होता, म्हाताऱ्या बायका कानावर पदर धरून नाचत होत्या. नाचत मात्र होत्या!

मग ट्रॅफिकमध्ये वरात अडकली. सात गाणी वाजवून झाली होती. संदेशनं आठवं सुरू केलं. नाचणारे कंटाळून सरबताच्या गाडीकडे गेले. मामाही गेला. राहिला नवरदेव. घोड्यावर ताठ, मुंडावळ्यांतून संदेशकडे टक लावून. शेवटचं कडवं झालं तरी हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते!

पिंट्यानं उडीच मारली. "ऐकलं! ह्यानं ऐकलं! उद्या रिलीज!"

संदेशनं शांतपणे माईक खाली ठेवला. "घोड्यावर बसवलेला माणूस धरायचा नाही. त्याला उतरता येत नव्हतं."

"अरे, पण तो रडला!"

"लग्न आहे त्याचं."

*

संदेशच्या आईलाही एकदा बसवलं. तशी ती बाहेरची नव्हे, पण पिंट्याचं म्हणणं, आईनं ऐकलं तर संदेशचं मन तरी पाघळेल. घरातच स्पीकर लावला. माऊली मांडी घालून बसली, भिंतीला टेकून, हात गुडघ्यावर. निम्मं गाणं ऐकलं, त्याहून जास्त ऐकलं. शेवटचं कडवं सुरू होणार, तोच उठली.

"बसा रे. माझा कुकर लागलाय, शिट्टी झाली."

संदेशनं गाणं बंद केलं. बाहेर पडल्यावर शलाका मला हळूच म्हणाली, "काका, मी पाणी प्यायला आत गेले होते. कुकर लावलेलाच नव्हता."

*

आणि आता कुडपण.

विन्यानं अल्बम पेनड्राईव्हवर घरी नेला होता. डोंगरावर नाचणी पिकायला आली की रानडुकरं उतरतात, मग लोक राखणीला बसून पत्र्याचे डबे बडवतात. विन्या ड्रम शिकला तो तिथेच. ह्या वर्षी त्याला बसायचा कंटाळा आला. त्यानं शेताच्या बांधावर स्पीकर ठेवला आणि अल्बम लावून दिला.

एक डुक्कर फिरकलं नाही! पहिल्याच गाण्याला जी पळाली ती सरळ शेजारच्या वाडीत. चार दिवसांनी ती वाडी भांडायला आली. "तुमच्या गान्यानं आमची नाचनी ग्येली. आता ती गानी आमाला पन द्या!" विन्यानं दिली. मग त्याच्या पलीकडच्या वाडीनं मागितली. दसऱ्यापर्यंत निम्म्या डोंगराला अल्बम तोंडपाठ. अण्णा खुशीत : "म्हस ग्येली, पन नाचनी ऱ्हायली!"

संदेशला कळलं तेव्हा तो लालबुंद झाला. "रिलीज करायचा नाही म्हटलं होतं ना!"

विन्या म्हणाला, "रिलीज कुठं क्येला? डुकरांना घाबरवाया लावला."

"म्हणजे माझ्या गाण्याला डुकरंसुद्धा थांबत नाहीत!"

विन्या जरा घुटमळला. "सात गान्यांना नाय थांबत. आठव्याचं तू येऊनच बग."

आम्ही माझ्या टेंपोतून वर गेलो. सूर्य टेकला होता. बांधामागे अण्णा, चौघं पोरं आणि मी ओळीनं पालथे पडलो. स्पीकर सुरू झाला. पहिल्या गाण्याला रानाच्या कडेला सळसळ झाली आणि पळाली. सोनू आजाच्या "दोरी हाय काय"ला पाखरंसुद्धा उडाली. सातवं संपलं. डोंगर गप्प झाला.

आठवं लागलं.

दुसऱ्या ओळीला झुडपातून एक डुकरीण बाहेर आली. मागे पाच पिल्लं. ती नाचणीपाशी आली, थांबली. कणसाला तोंड लावलं नाही. कान स्पीकरकडे. अण्णा काठी उचलायला गेले, तर शलाकानं त्यांचा हात दाबून धरला. शेवटचं कडवं आलं, घाट मोकळा झाला, वळणावर वडिलांची टोपी दिसली, गाणं संपलं. डुकरीण आणखी जरा उभी राहिली. मग वळली आणि आली तशी रानात निघून गेली. नाचणीचं एक कणीस मोडलं नाही.

पिंट्या पालथाच कुजबुजला, "बाहेरचे आहेत. मर्जीनं आले. घोड्यावरही नव्हते."

उतरताना सगळा घाट संदेश तेच गाणं गुणगुणत होता. पोलादपूर आल्यावर टेंपोतून खाली उडी मारून म्हणाला, "काका, आईला घेऊन येतो. तिला शेवटचं कडवं ऐकवायचं राहिलंय. मग उद्याच्या रिलीजचं बघू."

म्हणून तुम्हाला एक विनंती. उद्या कुणी विचारलं, हे आठवं गाणं किती जणांनी पूर्ण ऐकलं, तर आकडा फुगवू नका, हिशेब चोख ठेवा. एक डुकरीण आणि चार पिल्लं. पाचवं मधेच उठून गेलं. ते धरू नका.