दहावी सही

दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाने शांततेचं पत्र लिहू नये. लिहिलंच, तर निदान शनिवारी त्यावर सह्या मागू नयेत. मी दोन्ही केलं.

आम्ही बेने इस्रायली. पुण्यात ज्यू राहतात हे पुण्यालाच फारसं ठाऊक नाही. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत लोक मला 'कोकणातले का?' विचारतात आणि मी 'हो' म्हणतो, कारण तेही खरंच आहे. पण तिकडे युद्ध पेटलं आणि मी उघडा पडलो. भाजीवालासुद्धा "काय म्हणतंय तुमचं युद्ध?" विचारू लागला. जणू मी ते गॅसवर ठेवूनच बाजारात आलो होतो.

मुंबईतल्या आमच्या काही मंडळींनी ठरवलं की ज्यूंनीच सरकारांना पत्रं लिहायची: बोलणी करा, ओलीस सोडवा, गाझातल्या माणसांपर्यंत मदत जाऊ द्या. आमच्यातला एक दंतवैद्य रविवारी पहाटेच्या गाडीने पुण्याचं पत्र नेणार होता.

"सह्या किती होतील?" त्याने विचारलं.

"दहा कुठे गेल्या," मी म्हणालो.

दहा उगाच नाही. आमच्याकडे दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. दहा जण म्हणजे समाज. नऊ जण म्हणजे नुसतेच गप्पा मारणारे लोक.

पत्र मी लिहिलं. सुरुवात होती, 'मानवतेच्या उदात्त मूल्यांचा दीपस्तंभ विझू न देता'. शुक्रवारपर्यंत त्यावर एकही सही नव्हती. माझीही नाही, कारण मी सर्वांत शेवटी, विनम्रपणे करणार होतो. ज्याला फोन करावा तो एकच विचारी, "मावशींनी केली का?"

मावशी आमच्या समाजातल्या सगळ्यांच्याच मावशी. ऐंशी पार केलेल्या, रास्ता पेठेत सिनेगॉगपासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या. त्यांचा नातू तिकडे राखीव सैनिक म्हणून आघाडीवर होता. रोज त्या त्याला 'जेवलास का' एवढाच मेसेज पाठवत आणि दोन निळ्या खुणा उमटायची वाट बघत. आम्ही बाकीचे युद्ध टीव्हीवर बघत होतो. त्यांनी सही केली नाही तर कुणीच करणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"तीस वर्षं गोळे केलेस. आता गुडघे दुखायला लागले तशी शांतता आठवली?"

"मावशी, मी गोळे नाही केले. मी गोळ्यांची खोकी तपासायचो."

"मग तीच तपास. मला स्वयंपाक आहे. उद्या बघू."

'उद्या बघू' हा मी होकार धरला.

शनिवारी सकाळी झेरॉक्स काढण्यात उशीर झाला. सिनेगॉगच्या दारात नऊ जण माझी वाट बघत उभे. मला भरून आलं. "मंडळी," मी म्हणालो, आणि पत्र आणि पेन बाहेर काढलं.

सगळे त्या पेनकडे बघत राहिले. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, आणि शब्बाथला लिहायचं नाही. पाळण्यातल्या पोराला माहीत असलेली गोष्ट मी बासष्टाव्या वर्षी विसरलो होतो. तसं पाहिलं तर रिक्षाही चालत नाही, पण निम्मे जण रिक्षाने आले होते, एक तर स्कूटरवर. त्याबद्दल कुणी बोलत नाही. कोळंबी आम्हाला निषिद्ध. पण खिशातून मूठभर कोळंबी काढली असती, तरी इतकं वाईट दिसलं नसतं.

"अहो, आम्ही तुमच्या पत्रासाठी नाही थांबलो," आमचे मुकादम, म्हणजे समाजाचे प्रमुख, म्हणाले. "तुम्ही दहावे आहात. बसा."

इथे माझी बुद्धी फिरली. "संध्याकाळी सह्या करायचा शब्द द्या, तर बसतो. नाहीतर मी चाललो घरी."

वर बायकांच्या सज्जात त्या दिवशी एकट्या मावशी होत्या. वरून आवाज आला, "मला धरा दहावी आणि करा सुरू."

"मावशी, तसं चालत नाही," मुकादम वर बघत म्हणाले.

"माहितीये. साठ वर्षं येतेय, मला कुणी मोजलं नाही. आणि हा वर्षातून चारदा उगवतो, तर याच्यावाचून अडतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी तुम्ही, मग मी. तिकडेही सगळे हेच म्हणत बसलेत. बस खाली. संध्याकाळी सगळे माझ्या गच्चीवर या."

मी बसलो.

संध्याकाळी आम्ही दहाजण त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर. चांदण्यांना अवकाश होता. सोसायटीचे चेअरमन वर आले. "काय कार्यक्रम?"

"चांदण्या मोजतोय," मुकादम म्हणाले.

"सोसायटीला अर्ज दिलाय?"

"लिहिता येत नाही अजून."

चेअरमन खाली गेले.

मी पत्र वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीला मावशींनी थांबवलं. "दीपस्तंभ कशाला? तिथे घरात दिवा नाही. पीठ लिही. पाणी, औषधं, दुधाची पावडर."

पण लिहिणार कसं? मग त्यांनी एकेक शब्द एकेकाच्या हवाली केला. मुकादमांना 'ओलीस', दंतवैद्याला 'बोलणी', कुणाला 'पीठ', कुणाला 'पाणी'. साठीसत्तरीची माणसं तोंडातल्या तोंडात पीठ, पाणी करत कठड्याशी उभी. स्कूटरवाल्याने मात्र शब्द घेतला नाही. "मला नाही पटत. आधी ओलीस येऊ देत, मग बोलणी."

"बरं," मावशी म्हणाल्या. "चहा पिऊन जा."

तो चहा पिऊन गेला. म्हणजे आम्ही पुन्हा नऊ.

"तिसरी!" मी ओरडलो.

"ते लोहगावचं विमान आहे," दंतवैद्य म्हणाला.

खरी तिसरी चांदणी पाण्याच्या टाकीमागून निघाली. सगळे पेनाकडे वळले, मावशी फोनकडे. दिवसभर त्यांनी त्याला हात लावला नव्हता. 'जेवलास का' टाकलं. एक करडी खूण उमटली. त्या ती बघत राहिल्या. आम्हीही.

"लिही," त्या म्हणाल्या.

मी कोऱ्या कागदावर लिहू लागलो. एकेकाने आपला शब्द दिला. शेवटचा शब्द माझा होता आणि तो मी विसरलो होतो.

"घरी," मावशी म्हणाल्या. "दोन्हीकडची पोरं घरी येऊ देत."

त्यांनी पहिली सही केली, शाळेतल्यासारखी, पूर्ण नावाची. मग बाकीच्यांनी. मी हिशोब मांडून हताश झालो. आठ पुरुष आणि मावशी. "नऊच होतात. मुंबईला दहा सांगितलेत मी."

मावशींनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत सह्या वाचल्या. "यात तुझी कुठे आहे?"

नव्हतीच. विनम्रपणे राहून गेली होती.

"सकाळीही तूच दहावा," त्या म्हणाल्या. "बस खाली, कर सही."

मी केली. पत्र दंतवैद्याच्या बॅगेत गेलं. मी पेन मागितलं, तर ते मावशींनी फोनशेजारी ठेवलं होतं. दुसरी खूण अजून उमटली नव्हती.

"राहू दे इथेच," त्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी परत काढशील."