गंधकाचं स्पेलिंग

वडवणीत घरी बसून मी काय काम करते, हे गल्लीत कुणाला नीट सांगता येत नाही. एखाद्या आजारावर कोणतं औषध खरंच गुण देतं, हे ठरवायला डॉक्टरांचा एक गट जगभरातले अभ्यास गोळा करून तपासतो. ते अभ्यास शोधून द्यायचं काम माझ्याकडे. एकही सुटता कामा नये.

त्या वेळी विषय होता खरूज. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आयुष्यभर त्यांनी खरजेसाठी गंधकाची मलमं कालवलेली, त्यामुळे या कामात त्यांना भलताच रस. दुपारचा चहा ते माझ्या खुर्चीमागे उभं राहूनच प्यायचे.

एकदा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकलंय की."

"काय?"

"गंधकाचं स्पेलिंग. सल्फरला एफ न्हाई, पी-एच लावायचा. सारी नोकरी डब्यांवर हेच लिवलंय म्या."

"अण्णा, अमेरिकेत एफच लिहितात," मी जरा चिडूनच म्हणाले.

"आन् आपल्याकडं?"

मी शोधशब्दांची यादी उघडून पाहिली. औषधांची जुनी-नवी सगळी नावं मी शोधात घातली होती, हे एक रूप तेवढं राहिलं होतं. आणि सापडलेल्या लेखांची यादी तर आठवड्यापूर्वीच गटाचं काम पाहणाऱ्या पुण्याच्या मॅडमना पाठवून मोकळी झाले होते.

पी-एच घालून पुन्हा शोधलं. नवे लेख आले खरे, पण बहुतेक खतांचे आणि मातीचे. मी शीर्षक वाचून मराठीत सांगायचे, अण्णा म्हणायचे, "हे शेतीचं, सोड." संध्याकाळपर्यंत खरजेचे दोन निघाले. त्यातला एक अगदी हवा तसा, दोन मलमांची तुलना करणारा.

मॅडमना फोन करून चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत. "आत्ताच सापडलं हे बरं झालं. लक्षात कुणाच्या आलं?"

"वडिलांच्या."

तेवढ्यात अण्णांनी फोन मागून घेतला. "जय भीम, मॅडम. पोरगी लई बारकाईनं काम करती आमची. एवढंच राहिलं बगा."

मला कसंनुसं झालं आणि बरंही वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी तो अहवाल प्रसिद्ध झाला. अण्णांचा पहिला प्रश्न, "मंग गंधकानं गुण येतो का न्हाई?"

"आणखी चांगले अभ्यास व्हायला हवेत, असं लिहिलंय."

"मंजी ठाऊक न्हाई म्हना की सरळ!" ते खो खो हसले. "आमच्या डॉक्टरसायबाला येवडं म्हनायला कदी जमलं न्हाई."

शेवटच्या पानावर, शोधाचं काम करणारी म्हणून माझं नाव होतं. ते त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि आईला हाक मारली.