शिवण्णांना किती वर्षं द्यायची?

मंडळी, आज सकाळी लेकीच्या ऑनलाइन मीटिंगला मी आमच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या शिवण्णांना बसवलं.

तिथे चार देशांची माणसं मिळून कोळसा हळूहळू कसा सोडायचा, याचे पुढच्या तीस वर्षांचे आराखडे करताहेत. त्यात लिहिलं होतं, बॉयलरचा कामगार सहा महिन्यांत नवं काम शिकेल.

त्यांतल्या चिलीच्या बाईंनी शिवण्णांनाच विचारलं, "पुरेल?" लेकीनं ते कन्नडमध्ये सांगितलं.

शिवण्णा म्हणाले, "आवाजावरून बॉयलरचं दुखणं ओळखायला मला आठ वर्षं लागली. शिकवणारं माणूस अक्कांसारखं ओरडणारं नसेल, तर दोन वर्षं द्या."

अक्का म्हणजे मीच. लेकीनं ते इंग्रजीत सांगताच सगळ्यांबरोबर मीही हसले. बाईंनी सहा महिने खोडून दोन वर्षं लिहिली.

वीस वर्षं सोबत काम करूनही मी त्यांना असं कधी काही विचारलं नव्हतं. तुमचंही कुणाला विचारायचं राहिलंय का?