हँडलला बांधलेलं लिंबू

कित्येक महिने वाट पाहिलेली स्पोर्ट्स बाइक ताब्यात मिळाली तशी मी शोरूममधून थेट गंगापूर रोडच्या गणपतीला गेलो. देवळाबाहेर लिंबू-मिरची विकणाऱ्या म्हाताऱ्याने एक लिंबू चाकाखाली ठेवलं, दुसरं हँडलला बांधलं आणि गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

"एवढी पक्की?" मी हसत विचारलं.

"पोराच्या गाडीलाबी अशीच मारली व्हती," गाठीवरची नजर न काढता तो म्हणाला. "गाडीचा चुरा झाला, पोरगं गेलं. लिंबाला काय नाय झालं."

चाकाखालचं लिंबू फोडून मी निघालो. पुढे धरणापर्यंत मोकळा रस्ता होता. ज्या आवाजासाठी इतके दिवस झुरलो, तो इंजिनाचा आवाज मी एकदाही चढू दिला नाही. हँडलला लिंबू डुलत होतं, पिवळंधमक.